घराण्यात कुणाला?

सकाळी सव्वाअकरा वाजता गहिनीनाथने टँकरची तोटी उघडली आणि तो बाजूला उभा राहिला. माणसं धावत येईपर्यंत निम्मं पाणी जमिनीत गेलं होतं. दिवस मंगळवार, १६ एप्रिल २०१३. पालीजवळची ही चारा छावणी दूध संस्थेने चालवलेली होती. टँकर दोन दिवसांनी एकदा येत असे.

"बापाचं धरण हाय का बे?" एकाने त्याच्या कानाखाली मारत विचारलं.

"पान्यात विख हाय. ती बाई सांगतीय."

बाई कुठेच नव्हती. गहिनीनाथ एकवीस वर्षांचा होता.

वडील सर्जेराव आणि थोरली बहीण शिवकन्या त्याला जीपने बीडला घेऊन गेले. शिवकन्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सहावा महिना चालू होता. घरची गुरं छावणीत असल्याने तीही तिथेच राहायची. बैलाला रोज पंधरा किलो चारा मोजून मिळे. माणसांच्या पोटासाठी असं माप ठरलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी तासभर तपासलं. आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. मग कागद पुढे ओढला. "घराण्यात आधी कुणाला असा त्रास?"

"न्हाई साहेब," सर्जेराव म्हणाले. "आमच्यात कुनी येडं न्हाई."

"अन् मुंजाजीकाका?" शिवकन्येने विचारलं.

"येडा कावून म्हन्ती तेला? वारं हाय तेच्या अंगात. लोक नारळ घिऊन येत्यात. तुझी सासू बी येती."

सर्जेराव खोटं बोलत नव्हते. धाकटा भाऊ आजारी आहे हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं.

डॉक्टरांनी मुंजाजीचं वय विचारलं.

"त्र्याहत्तरच्या दुष्काळातला. तो पोटात असताना आई खडी फोडायला जायाची. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकर, ती बी एकच टाइम. विशीत तो एकटाच कुनाशी तरी बोलाया लागला."

डॉक्टरांनी लिहिलं: सख्खा काका. पेन खाली ठेवून ते म्हणाले, "कारण एकच नसतं. काही रक्तातून येतं. आईची उपासमार झाली तर पोटातल्या जिवाचा धोका वाढतो. पुढे गांजा, मोठा ताण. कुणाच्या बाबतीत कशाचा वाटा किती, ते सांगता येत नाही."

शिवकन्येने पोटावरचा पदर सारखा केला. "माझ्या लेकराला?"

"शंभरात एकाला हा कुणालाही होतो. मामाला असेल तर शंभरात दोघा-चौघांना. बाकीच्यांना होत नाही. तुम्ही पोटभर जेवा. आणि पुढे कुणी डॉक्टर विचारेल तेव्हा खरं सांगा. आधी माहीत असलं, तर पंधरा-सोळाव्या वर्षी लक्ष ठेवता येतं. उपचार लवकर सुरू होतात."

"सांगन," ती म्हणाली.

गहिनीनाथला गोळ्या सुरू झाल्या. चौसाळ्याला, शिवकन्येच्या सासरी, त्याला ऊन लागल्याचं कळवलं. छावणीत तिला सकाळी एक आणि संध्याकाळी दीड भाकरी मिळत राहिली.

२२ जुलैला दुपारी ती सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगा. सासू केसरबाई खाटेशी बसल्या होत्या. नर्स बाळाचं कार्ड भरत आली. घरात कुणाला रक्तदाब, साखर, मग पुढचा रकाना. "घराण्यात कुणाला मानसिक आजार?"

शिवकन्येने मान वळवली. केसरबाईंच्या मांडीवर बाळ होतं.

"न्हाई ओ बाई," केसरबाई म्हणाल्या. "उलट हिच्या काकाच्या अंगात देव येतो. म्या सोता नारळ ठिवलाय तेच्यापुढं. बघा, नातूच झाला."

नर्स हसली. तिने 'नाही' लिहिलं आणि शिवकन्येकडे पाहिलं. "बरोबर ना?"

शिवकन्येने पाणी मागितलं. तांब्या येईपर्यंत नर्स पुढच्या खाटेकडे गेली होती.

मुलाचं वजन दोन किलो शंभर ग्रॅम भरलं. केसरबाईंनी कार्ड पिशवीत ठेवलं आणि संध्याकाळच्या एसटीने चौसाळ्याला नेलं. त्यावर अजून 'नाही' आहे.