गाळलेलं वाक्य

शेषराव आमदार झाला तेव्हा त्याच्या पक्षाचे सभागृहात तिघेच जण होते. तिघांनाही शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला जागा मिळाली होती. अध्यक्षांची नजर तिथवर पोहोचायची ती बहुतेक सगळ्यांचं बोलून झाल्यावर. मग घाईघाईनं नाव पुकारलं जायचं, शेषराव उठायचा, आणि त्याचं बोलणं रंगात येतंय तोच घंटा वाजायची.

तरी तो प्रत्येक विधेयकावर बोलायचा. ग्रामपंचायतीचं विधेयक असो की वतनं रद्द करण्याचं, त्याच्या उपसूचना आधीच टाईप करून दिलेल्या असत. त्या पडायच्या. नियमाप्रमाणे आधी ‘होय’ म्हणणाऱ्यांचे आवाज, मग ‘नाही’ म्हणणाऱ्यांचे. ‘होय’ला तीन आवाज, आणि ‘नाही’ला सगळं सभागृह. चांदूर रेल्वेच्या बाजारात लोक त्याला थट्टेनं विचारायचे, "काय जी, आता कोन्तं पाडून आले?" तोही हसायचा. कोणीतरी बोललं पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं असे.

कूळ कायद्याचं विधेयक आलं तेव्हा मात्र विषय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जो कसतो त्याची जमीन, हे त्याच्या पक्षाचं पहिलं मागणं. गावातला त्याचा जिवाभावाचा सोबती देवमन हा खुशालराव पाटलाच्या नाल्याकाठच्या वावरात बापाच्या काळापासून राबत होता. निवडणुकीत तोच शेषरावाचा झेंडा घेऊन गावोगाव फिरला होता. "शेषभाऊ, हा कायदा पास करून आन," देवमन म्हणाला होता. "मंग मी तुले माया सोताच्या वावरातली भाजी खाऊ घालतो."

पण मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी त्याची मोठी बहीण सुंदराबाई आली. नवऱ्यामागं तिच्या नावावर चार एकर काळी जमीन होती. बैल नव्हते, पोटी मुलगा नव्हता, म्हणून ती जमीन शेजारच्या उत्तमरावाला बटईनं, अर्ध्या पिकाच्या बोलीवर, लावलेली. उत्तमराव स्वतः तीस एकरांचा धनी.

"कसनाऱ्याची जमीन म्हन्ता तुमी," ती दारातच बसली आणि म्हणाली. "उत्तमराव कसते. मंग माई जमीन उत्तमरावाची होईन काय? मी कोठी जाऊ, सांग."

शेषराव दुसऱ्या दिवशी निघाला. गाडीत त्याला झोप लागली नाही. पहाटे आमदार निवासात पोहोचल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते उपसूचना लिहिण्याचं. विधवेच्या जमिनीवर कुळाला मालकी मिळण्याचा हक्क ती हयात असेपर्यंत थांबवावा. आणि त्याखाली आणखी एक वाक्य: ही सवलत फक्त लहान खातेदार विधवेला, जिचा उदरनिर्वाह त्याच जमिनीवर आहे तिलाच मिळावी.

त्या दिवशी तो बोलला तसा पुन्हा कधी बोलला नाही. बहिणीचं नाव त्यानं घेतलं नाही, पण सगळं तिचंच सांगितलं. तिच्या दारची रिकामी दावण, दुसऱ्याच्या बैलांची वाट बघत वाया गेलेला वाफसा. "अध्यक्ष महाराज, कायदा दुबळ्याच्या बाजूनं उभा राहतो म्हणतात. मग आधी दुबळं कोण ते तरी त्यानं पाहावं." घंटा वाजली नाही. समोरच्या बाकांवरचे लोक मागं वळून बघत होते.

मंत्री उठले. सन्माननीय सदस्यांच्या भावनेशी सरकार सहमत आहे, म्हणाले. फक्त ते दुसरं वाक्य अंमलबजावणीला अवघड. लहान कोण, उदरनिर्वाह कशावर, हे ठरवायचं कोणी? सदस्यांनी तेवढ्या वाक्याचा आग्रह सोडला तर सरकार उपसूचना स्वीकारायला तयार आहे.

सभागृह त्याच्याकडं बघू लागलं. शेजारी बसलेल्या नत्थुजींनी, त्यांच्या पक्षातल्या म्हाताऱ्या सदस्यानं, त्याच्या सदऱ्याची बाही ओढली. "इचार कर," ते पुटपुटले. "थे वाक्यच कुंपन हाय."

शेषरावाला ते ऐकू आलं होतं. विचार करायला थोडा अवधी द्या, असं अध्यक्षांना म्हणता आलं असतं. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरकार त्याला ‘होय’ म्हणत होतं. तो अर्धवट उठला, "माझी हरकत नाही," म्हणाला, आणि खाली बसला. बाकं वाजली. सत्ताधाऱ्यांचीसुद्धा. त्याचे कान तापले, आणि ते त्याला गोड वाटलं.

गावी परतल्यावर सुंदराबाईनं त्याच्या तोंडात साखर घातली. तिची जमीन राहिली. देवमननंही त्याला मिठी मारली. आपलं वावर आता आपल्या नावावर चढणार, असंच तो समजून होता.

पुढच्या वर्षी चांदूरच्या तहसीलीत देवमनच्या प्रकरणाची तारीख लागली. शेषराव सहज म्हणून त्याच्यासोबत गेला. बाहेर लिंबाखाली खुशालरावाची बैलांची दमणी उभी होती. तिच्यातून दोघांनी एका म्हातारीला धरून उतरवलं. ती गोदाबाई, खुशालरावाच्या मेलेल्या चुलत्याची बायको. उभ्या जन्मात ती वाड्याच्या मागच्या खोलीबाहेर दिसली नव्हती. खुशालरावानं घरात वाटणी करून नाल्याकाठचं सगळं वावर तिच्या नावावर केलं होतं. कागद चोख होते. जमीन विधवेची, म्हणून कुळाचा हक्क थांबला. आणि विधवेनं अर्ज केला होता की मला जमीन घरी कसायची आहे, कूळ काढा.

शेषरावाला सगळं एकदम कळलं. गाळलेलं ते वाक्य असतं, तर वाड्यातल्या विधवेला ही सवलत मिळालीच नसती.

गोदाबाईला अंगठा द्यायला पुढं आणलं. ती बावरून इकडं तिकडं बघत होती. तिच्या शेजारी देवमनच उभा होता. तो कोण हे तिला ठाऊक नव्हतं.

"बावा," तिनं त्याला हळूच विचारलं, "माहं वावर म्हन्तात थे कोठी हाय?"

देवमन तिच्याकडं वाकला. मग म्हणाला, "नाल्याच्या काठी हाय, माय. चिंचेच्या खाली. चांगलं हाय वावर. कापसाची पऱ्हाटी कमरेपर्यंत येते."

"अस्सं," म्हातारी म्हणाली, आणि तिनं अंगठा उठवला.

परतीच्या वाटेवर देवमननं विचारलं, "कायदा तर आपला होता ना, शेषभाऊ?" शेषराव त्याला वाक्याची गोष्ट सांगायला लागला. कुंपण, अंमलबजावणी, मंत्र्यांची अट. देवमन ऐकत चालला होता. "म्हंजे थे वाक्य तू लिवलं होतं?" त्यानं विचारलं. शेषराव हो म्हणाला. "अन् तूच काढलं?" पुढं गावापर्यंत देवमन दोन पावलं पुढंच चालत राहिला.

गावात बोललं गेलं ते वेगळंच. आमदारानं बहिणीची जमीन वाचवली आणि दोस्ताची घालवली, असं. हे खोटं आहे असं ओरडून सांगावं, तर त्यात खोटं तरी काय होतं? खुशालराव मात्र रस्त्यात भेटला की अदबीनं हात जोडायचा. "साहेब, तुमचं भाषण काय झालं म्हन्ते! आमच्या काकूले तर तुमीच देवासारखे पावले." त्या हात जोडण्याला शेषराव इतका भ्याला की तो वाट बदलून जाऊ लागला.

मग त्यानं कायद्यात बदल सुचवणारं अशासकीय विधेयक आणलं. गाळलेलं वाक्य परत घालावं, एवढंच. शिवाय कायदा येणार हे कळल्यावर घरातल्या विधवांच्या नावावर चढवलेल्या जमिनी त्यातून वगळाव्यात. तोवर राज्य बदललं होतं, मंत्री दुसरे होते. शुक्रवारची दुपार, निम्मं सभागृह रिकामं. या वेळी शेषराव अडखळला. हाताशी देवमनचं वावर होतं, गोदाबाईचा प्रश्न होता, पण ते सगळं त्याच्या तोंडून तक्रारअर्जासारखं निघालं.

नव्या मंत्र्यांनी जुनं कामकाज मागवून ठेवलं होतं. त्यांनी त्याचंच भाषण वाचून दाखवलं, दावणीपासून दुबळ्यापर्यंत, अगदी चांगल्या आवाजात. "इतकं हृदयस्पर्शी समर्थन केल्यावर त्याच सदस्यांनी आज विधवांच्या विरोधात उभं राहावं, याचं मला आश्चर्य वाटतं," ते म्हणाले. "आणि मर्यादेचं म्हणाल, तर इथं नोंद आहे: माझी हरकत नाही." कोणीतरी हसलं.

‘होय’ला या वेळी दोनच आवाज आले. नत्थुजी त्या साली वारले होते.

बासष्टच्या निवडणुकीत तो पडला. झेंडा घ्यायला देवमन नव्हता. तो बायकापोरं घेऊन अकोल्याला गेला होता, जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात. गोदाबाई त्याआधीच वारली होती, आणि तिचं वावर वारसानं पुन्हा खुशालरावाकडं आलं होतं. सुंदराबाई तेवढी आपल्या चार एकरांवर सुखात होती. दर दिवाळीला ती भावाला बोलवायची, ओवाळायची, आणि "तुयामुळं उभी हावो मी," म्हणायची. ते ऐकताना त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं याचाच नंतर त्रास व्हायचा.

चौसष्ट साली पक्षाच्या बैठकीसाठी तो अकोल्याला गेला. बैठक लवकर आटोपली. तो विचारत विचारत मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात शिरला. एका गल्लीच्या टोकाला देवमनची खोली सापडली. देवमन कामावर निघायच्या तयारीत होता. केसांत कापसाचे तंतू कायमचेच राहिल्यासारखे दिसत होते.

"ये," तो म्हणाला, जणू कालच भेटले होते. "बस."

पोरं कशी, पाणी कसं, असं बोलणं झालं. देवमननंच वावराचा विषय काढला. "खुशालरावानं म्हन्ते शेंदूरजनाघाटाहून कलमा आनल्या. संत्रा लावला नाल्याकाठी. येईन काय तेथी संत्रा? थे पऱ्हाटीचं वावर हाय."

"देवमन, त्या दिवशी मी जर..." शेषरावानं सुरुवात केली.

"राहू दे ना बावा," देवमन म्हणाला. "तुयी बईन तरली ना? तरली. मंग?" त्यानं डबा उचलला. बाहेर जिनाचा भोंगा झाला. "मी नाई रागावलो तुयावर," तो उंबऱ्यातून म्हणाला आणि गल्लीत दिसेनासा झाला.

चतुराबाई, त्याची बायको, इतका वेळ चुलीपाशी पाठमोरी बसली होती. ती वळली.

"थे नाई रागावले," ती म्हणाली. "त्यायचा सभाव नाई. मी रागावली हावो, भाऊजी. माया सासऱ्यानं त्या वावरातले गोटे येचले होते. मी येचले. तुमाले एक वाक्य धरून ठेवता नाई आलं."

शेषराव मान खाली घालून उभा राहिला. निघावं की थांबावं, कळेना.

"आता उभे कावून राहिले?" ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकर उलटली. "दूरून आले. बसा. जेवून जा."

तो बसला. तिनं पितळीत भाकर आणि वांग्याची भाजी वाढली, पाण्याचा गडवा पुढं सरकवला. तो खाली बघत जेवत राहिला, आणि ती दुसरी भाकर थापत राहिली.