पेन्सिलवाले अण्णा

आमच्याकडं मंगलाष्टकांआधी माईक फिरतो. पुढारी, चेअरमन, सगळे आशीर्वाद देणार अन् नवरानवरी तशीच घामाघूम उभी. त्यात आमचे हे, सयाजीअण्णा. शिकले सातवी, पण माईक हातात आला की वारूळवाडीत यांच्यासारखा बोलणारा न्हाई. गोष्ट मात्र एकच. अमेरिकेनं अंतराळात लिहायला कोट्यवधी खर्चून पेन बनवलं, अन् रशियानं काय नेलं? मांडव ओरडायचा, "पेन्सिल!" मग हे नवरीला सांगायचे, "पोरी, संसार पेन्सिलीनं कर." की टाळ्या! मला मेली ती पेन्सिल पाठ झाली व्हती. तरी टाळ्या पडल्या की बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

दोन हजार पाचची गोष्ट. आमची अश्विनी नारायणगावात कॉम्प्युटर शिकत व्हती. मढ गावात माझ्या भाच्याचं, संपतचं लग्न. निघायच्या आधी चहा पिताना पोरगी म्हणाली, "अण्णा, मी नेटवर बघितलं. ते पेन एका कंपनीनं स्वतःच्या पैशानं केलं. पेन्सिल अमेरिकेनंबी नेली व्हती, पण टोक मोडलं की तुकडे तरंगतात, यंत्रात घुसतात. मग रशियानंसुद्धा तेच पेन घेतलं."

हे बशी तशीच धरून बसले. "म्हंजी मी खोटं सांगतुया व्हय?"

"मग काय!" मी लगेच तोंड घातलं. "आता तरी सोडा ती पेन्सिल."

मढच्या मांडवात माईक यांच्याकडं आला. आमच्या गावचे लोक ओरडले, "अण्णा, पेन्सिल होऊन जाऊ द्या!" यांनी घसा खाकरला. मग म्हणाले, "मंडळी, ती गोष्ट खोटी हाय. इतकी वर्षं मी तुमाला चुकीचं सांगितलं. माफी असावी." हात जोडले अन् आशीर्वाद द्यायचाच विसरून खाली उतरले. आधी पोरंटोरं खिदळली, मग सगळा मांडव हसला.

माझ्या शेजारी नवरीकडची बाई बसली व्हती. तिनं इचारलं, "कोण वो ते येडं? तुमच्यातलं का?"

मी पदर पुढं ओढला. म्हणलं, "न्हाई बाई, मला काय ठावं!"

मान वर केली तर हे समोरच उभे. पाणी मागायला आले व्हते. ऐकलंच त्यांनी, पण बोलले काहीच न्हाईत. जीपमध्येबी न्हाई, घरी आल्यावरबी न्हाई. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझीच मला इतकी लाज वाटली की कितीतरी दिवस यांच्या पुढ्यात ताट ठेवताना वर बघवत नव्हतं.

त्यानंतर यांनी माईकला हात लावला न्हाई. पुढच्या उन्हाळ्यात गावातच लग्न व्हतं. आमच्या भावकीतला जानकू माईकवर गेला अन् सुरू! तीच अमेरिका, तेच पेन, तीच पेन्सिल. अन् लोक पुन्हा टाळ्या वाजवतायत! माझं डोकंच फिरलं. बायकांतनं उठून सरळ यांच्यापाशी गेले.

"उठा! सांगा समद्यांना खोटं हाय म्हणून. या खेपेला मी हाय तुमच्या बाजूला."

हेबी टाळ्या वाजवत व्हते. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "नको गं. त्याची बायको बसलीया समोर."