कडू लागलं का?

जितेशने बत्तिसाव्या वर्षी दाढी करायला शिकायचं ठरवलं. इतकी वर्षं तो ट्रिमर फिरवून मोकळा व्हायचा. एकदा तीन पात्यांचा महागडा रेझर वापरला, तर मानभर पुटकुळ्या उठल्या. तेव्हापासून गुळगुळीत गालांचा नाद त्याने सोडला होता. पण आज दहा वाजता अंबरनाथ एमआयडीसीतल्या कंपनीत त्याची मास्कची टेस्ट होती. गालावर खुंट असले की मास्क घट्ट बसत नाही, कडेने प्लांटमधली विषारी हवा आत शिरते. गेल्या आठवड्यात याच खुंटांपायी तो नापास झाला होता. आज पास झाला तर रिॲक्टर प्लांटमध्ये पर्मनंट. नाहीतर ती जागा यादीतल्या पुढच्या समर्थला, आणि हा पुन्हा कंत्राटदाराकडे पॅकिंगला.

म्हणून कात्रपच्या फ्लॅटमध्ये तो सकाळी साडेआठला बेसिनपुढे उभा होता. हातात वडिलांचा जुना रेझर, त्यात कोरं ब्लेड. वडील शिवराम त्याच कंपनीतून रिटायर झालेले. उभं राहिलं की धाप लागते म्हणून ते दारात स्टूल टाकून बसले होते.

"ब्रश घोळव. अजून. ताक नाही करायचंय, साय पाहिजे."

जितेशने घोळवला. चेहऱ्यावर फेस चढला, आणि तो अगदीच येडा दिसायला लागला. पण हसायची दोघांचीही तयारी नव्हती.

"आता तिरका धर. दाबू नको. त्याचं वजनच पुरे."

जितेशने दाबला. दाबल्याशिवाय काही कापलं जातं यावर त्याचा विश्वासच नव्हता. फेसात लाल रेघ उमटली.

"दाबलंस."

"पप्पा, हात थरथरतोय."

"थरथरू दे. दाबू तेवढा नको."

पुढचा हात त्याने श्वास रोखून फिरवला. करकर आवाज झाला आणि खालून स्वच्छ कातडी निघाली. मग डावा गाल, उजवा गाल, हनुवटी. हनुवटीवर दोनदा कापलं. तुरटी लावली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. सव्वानऊ वाजले होते. मानेवरून त्याने घाईघाईत वरून खाली चार हात मारले आणि तोंड धुतलं.

"जबड्याखाली बोट फिरवून बघ," शिवराम म्हणाले. "तिथे केस उलटे असतात. पुन्हा फेस लाव."

"उशीर झालाय, पप्पा!" जितेश बूट घालत ओरडला आणि जिना उतरलासुद्धा. सांगितलेलं ऐकेल तर तो जितेश कसला!

कंपनीत सेफ्टी ऑफिसर नीलिमा मॅडमनी त्याचे गाल पाहिले, कापलेलं पाहिलं आणि मास्क पुढे केला. त्याने मास्क चढवला. वरून त्यांनी गळ्यापर्यंत येणारी प्लास्टिकची टोपी घातली, मास्क कुठे गळतो का ते कळायला तिच्यात कडू फवारा सोडला आणि विचारलं, "कडू लागलं का?"

"नाही."

"मान डावीकडे. आता उजवीकडे. लागलं?"

"नाही."

"वर बघा."

त्याने वर पाहिलं आणि जिभेच्या टोकावर कडवटपणा आला. थोडासाच, पण आला. राहिलेल्या खुंटांमधून हवा शिरत होती. जीभ त्याची होती, कडू त्याला लागलं होतं, बाहेर कुणाला काय कळणार? काचेपलीकडे बाकावर समर्थ पाय हलवत बसला होता. नाही म्हणायचं, सही करायची, पेढे घेऊन घरी जायचं. इतकं सोपं होतं, की त्याला स्वतःचीच भीती वाटली.

"जितेश, लागलं का?"

"लागलं, मॅडम. मान वर केली की लागतं."

नीलिमा मॅडमनी फॉर्मवर फुली मारली आणि समर्थला आत बोलावलं.

जितेश गेटबाहेर आला. वडापावच्या गाडीमागे उभं राहून त्याने घरी फोन लावला. डोळे भरून आले होते आणि त्याला त्याची लाज वाटत होती.

"पप्पा, गेली जागा. कडू लागलं. मी सांगून टाकलं."

पलीकडून शिवराम दर दोन शब्दांनी श्वास घेत बोलले.

"बरं केलंस. प्लांटमध्ये मास्कमधून मलाही कडू लागायचं रे. वीस वर्षं लागायचं. मी कुणाला बोललो नाही."