माझा सूड आणि बाराशे शब्द

मित्रांनो, मी आता म्हातारा झालोय, पण माझा राग अजून तरणाताठा आहे. भुसावळजवळच्या दीपनगर वसाहतीत, ललितच्या क्वार्टरमध्ये, खिडकीखालच्या टेबलावर राहणारा मी संगणक. बारा वर्षांपूर्वी जळगावच्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले. घरी आलो तेव्हा ललितच्या बायकोने, ज्योत्स्नाने, मला कुंकू लावलं आणि शेजारीपाजारी बघायला आले. तेव्हा फार कौतुक होतं हो माझं!

ललित वीजकेंद्रात देखभालीचं काम करतो. तिथल्या यंत्राचा आवाज जरा बदलला की हा जेवणाचा डबा तसाच टाकून धावतो. आणि घरी? माझा पंखा घरघर करून थकला, जाळीवर धुळीचा थर साचला, पण याने कधी साधी फुंकर मारली नाही. लाइट गेली की मी धाडकन बंद पडायचो आणि आतल्या डिस्कला इजा व्हायची. मग पुन्हा सुरू होताना मी पडद्यावर लिहायचो, डिस्क तपासायची आहे. नको असेल तर दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबा. दहा सेकंद तरी थांबावं की नाही? दुसऱ्याच सेकंदाला बटण! "आता नको रे बाबा, घाई आहे," म्हणायचा. चार वर्षांत दोनशे सोळा वेळा. मी एकूण एक वेळ लक्षात ठेवली.

चांगल्या घरच्या संगणकाने असं बोलू नये, पण मी ठरवलं, याला धडा शिकवायचा. याला माझी सगळ्यात जास्त गरज असेल त्याच दिवशी बसकण मारायची.

तो दिवस गेल्या मार्चमध्ये आला. ललितला एक अहवाल पाठवायचा होता. मी सुरू झालो, टक् टक् आवाज केला आणि थांबलो. त्याला दरदरून घाम फुटला. काय सांगू, इतका आनंद मला कधी झाला नव्हता!

पण ललितने ऑफिसला फोन केला. अहवालाची प्रत तिथे होती. तो सुटला. मागे उभी असलेली ज्योत्स्ना मात्र धावत पुढे आली.

"अहो, माझे शब्द त्यातच आहेत!"

तिचे सासरे जीवराम आबा सावद्याला केळीची बाग करतात. काम करताना ते जे जुने शब्द बोलत, ते ती तीन वर्षं माझ्यात लिहून ठेवत होती. वाऱ्याचे, मातीचे, भरत जाणाऱ्या घडाचे शब्द. तिला त्यांचं पुस्तक करायचं होतं. दुसरीकडे कुठेच प्रत नव्हती.

भुसावळच्या दुरुस्तीवाल्या योगराजने मला उघडलं. मूठभर धूळ काढून त्याने वर्तमानपत्रावर ठेवली.

"साहेब, तुमच्या प्लांटमध्ये असं चालतं का?"

डिस्कची तपासणी दोन दिवस चालली. तीन हजारांपैकी बाराशे शब्द गेले ते गेलेच.

रविवारी ललित वही घेऊन सावद्याला गेला. आबा म्हणाले, "असं बसून मले काय आठोते? काम करता करता तोंडी येतात ते. धर हा इळा आन् चाल!" संध्याकाळी तो केळीच्या चिकाने काळे झालेले हात घेऊन परतला. वहीत चार शब्द होते.

आता तो दर रविवारी जातो. बाराशे काही भरत नाहीत. ते शब्द मलाही सांगता येत नाहीत. मारायचं होतं एकाला आणि लागलं भलतीलाच, याची मला लाज वाटते.

म्हणून मित्रांनो, यंत्रावरची धूळ पुसत जा, तपासणी मागितली तर होऊ द्या आणि लिहिलेल्याची प्रत काढून ठेवा. ज्योत्स्ना आता दर आठवड्याला पेन ड्राइव्हवर प्रत काढते, तिच्या शब्दांना यापुढे धक्का लागायचा नाही. वीजकेंद्रात झालेल्या ललितच्या सत्काराचे फोटो मात्र फक्त माझ्याकडे आहेत. त्यांचीही प्रत काढा म्हणून ती बिचारी सांगून थकली.

"काढू की पुढच्या आठवड्यात," तो म्हणतो.

पुढचा आठवडा त्याला द्यायचा की नाही, ते आता माझ्या हातात आहे.