मुलाखत कुणाची

मुलाखतवाली मुलगी सांगितल्या वेळेला हजर झाली. फोटोग्राफीच्या संग्रहालयासाठी ती जुन्या कंपन्यांतल्या साहेबलोकांच्या आठवणी रेकॉर्ड करत हिंडत होती, आणि आपल्या नवऱ्याचा नंबर लागावा म्हणून काकूंनी तिच्यामागे नुसता तगादा लावला होता. काकूंना एकच गोष्ट हवी होती. फिल्मचा कारखाना बंद करायच्या बैठकीत सगळे माना डोलवत होते, तेव्हा काका एकटे विरोधात उभे राहिले होते. त्यापायी पुढची बढती हुकली. तरी लोक आजही त्यांनाच कारखाना बुडवणारा म्हणत, आणि काका त्यावर कधी अवाक्षर काढत नसत. आता त्यांची आठवण विरत चालली होती. ती पुरती जाण्याआधी एवढं तरी त्यांच्या तोंडून नोंदलं जावं, म्हणून हा खटाटोप.

विसराळूपणाचं मात्र काकूंनी कुणाला कळू दिलं नव्हतं. ‘हल्ली ऐकू कमी येतं’ म्हणून वेळ मारून न्यायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सुरुवात तर झकास झाली. फिल्मवर लेप चढवायचं दालन कसं काळंकुट्ट असे, भिंतीला हात लावून चालावं लागे, वळणावर टक्कर होऊ नये म्हणून जो तो ‘आलो, आलो’ करत येई, हे काकांनी रंगवून सांगितलं. एकदा ते खुद्द मालकावरच आदळले होते. “अंधारात शिवी हासडली आणि उजेडात येऊन सलाम ठोकला,” म्हणाले. मुलगी खळखळून हसली. काकूंचा जीव भांड्यात पडला आणि त्या चहा ठेवायला उठल्या.

चहा घेऊन आल्या तर काका नमुन्यांची पेटी घेऊन दुकानोदुकानी फिरत होते. एका दुकानदाराने कुत्रं अंगावर सोडलं, त्याच कुत्र्याचा फोटो काढून त्याला कॅमेरा कसा विकला, ते सांगत होते. काकूंनी ट्रे टेबलावर ठेवला. काका उभ्या जन्मात कधी दुकानांतून फिरले नव्हते. कुत्र्याची गोष्ट मोठेसाहेबांची, म्हणजे कंपनीच्या प्रमुखांची. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. याच टेबलाशी जेवायला बसून त्यांनी ती इतक्यांदा सांगितली होती की काकूंनाही पाठ होती.

मुलीने हातातला कागद चाळला. काका तर कारखान्यातच होते ना, असं तिने विचारलं. खरं सांगायची वेळ होती ती. पण सवय वाईट. “सुरुवातीला सगळ्यांनाच फिरावं लागायचं,” काकू बोलून गेल्या. मुलीने मान डोलावली आणि पुढचा प्रश्न टाकला, कारखाना बंद करायच्या बैठकीचा.

काकू पदर घट्ट धरून बसल्या. आता तरी बोला हो, असं मनातल्या मनात विनवत राहिल्या.

काका ताठ बसले. आवाजही मोठेसाहेबांसारखा जरा जड झाला. “निर्णय माझा होता,” ते म्हणाले. “फिल्म कोण विकत घेणार होतं? सगळ्यांना पटलं. एकटा एक जण उठला. म्हणाला, अंधारात ज्यांनी डोळे घालवले त्यांना उजेडात हाकलून देताय. मी त्याला खाली बसवलं. पुढे लोकांनी त्यालाच बोल लावला, आणि मी लावू दिला.”

“कोण होते ते?” मुलीने विचारलं.

काका नाव आठवू लागले. कपाळ चोळलं, छताकडे पाहिलं. काकूंच्या ओठांवर नाव आलं होतं. ते उच्चारलं असतं तर इतके दिवस झाकलेलं सगळं तिथेच उघडं पडलं असतं, आणि गप्प राहिलं तर नवऱ्याच्याच तोंडून, त्याच्याच आवाजात, तोच बुडवणारा ठरत होता.

“हेच होते ते,” काकू म्हणाल्या. “हेच उठले होते. यांना आता काही आठवत नाही, बाळ. मी खोटं बोलले तुझ्याशी.”

मुलीने रेकॉर्डर बंद केला नाही. काका मात्र काकूंकडे वळले, अगदी अदबीने, दुसऱ्याच्या घरी पाहुणे आल्यासारखे.

“बरोबर, वहिनी. तुमचेच हे,” ते म्हणाले. “फार सरळ माणूस. घरी आले की सांगा त्यांना, मी विसरलेलो नाही.”

“सांगते,” काकू म्हणाल्या.