सैल झालेला ड्रेस

शिंपी कसबी होता, घोळ तिथेच झाला.

बायकोचं वजन फार वाढलेलं. गुडघे बोलू लागले होते. शेजारणी त्याआधीपासूनच बोलत होत्या. तिने बाहेर पडणंच सोडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी थोडं वजन उतरवा, मग गुडघ्यांचं ऑपरेशन करू."

बायको उकडलेल्या भाज्यांवर आली. घरात वजनकाटा नव्हता. ड्रेस सैल झाला की वजन उतरलं, असा तिचा सरळ हिशेब. आठवड्याने ड्रेस तसाच घट्ट बसला, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून रडली. शिंप्याला ते बघवेना. ती अंघोळीला गेल्यावर त्याने शिवणी उसवल्या आणि आत दुमडलेलं बोटभर कापड सोडून ड्रेस पुन्हा सैल शिवला. बायकोने ड्रेस घातला आणि कित्येक महिन्यांनी हसली. त्या हसण्यापायी तो दर आठवड्याला शिवणी सोडत गेला. गुण येतोय म्हटल्यावर तीही पोटभर जेवू लागली.

दवाखान्यातल्या काट्यावर वजन वाढलेलं निघालं.

"मग ऑपरेशन आता नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"काटा बिघडलाय तुमचा," बायको शांतपणे म्हणाली. "आमचे हे शिंपी आहेत, त्यांना विचारा. सांगा ना हो."

शिंप्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"काटाच बिघडला असेल," तो म्हणाला.

"आपण दुसऱ्या दवाखान्यात जाऊ," रस्त्यात ती म्हणाली. "तोवर आणखी उतरेल."

शिंपी मान हलवत राहिला. ड्रेसच्या शिवणीत आता सोडायला कापड उरलं नव्हतं.