शब्दाचं शेपूट

“हिस्टरेक्टमी,” धुळ्याहून आलेले सर्जन दवाखान्याच्या डॉक्टरांना म्हणाले, आणि खाटेवरची जसोदाबाई एकदम सिंधुबाईच्या तोंडाकडे बघू लागली.

सिंधुबाईने मान खाली घातली. शहाद्याच्या त्या दवाखान्यात ती आया होती. नवऱ्याने टाकलेली, मुलीला घेऊन मागच्या खोलीत राहणारी. तिने नर्स व्हावं म्हणून थोरल्या सिस्टर तिला इंग्रजी शब्द फोडायला शिकवत. शेपटाकडून सुरू कर, त्या म्हणत. ‘आयटिस’ आलं की सूज, ‘एक्टमी’ आलं की कापून काढणं. मग पुढचा तुकडा बघ, अवयव कुठला ते कळेल. शब्द सुटला की सिंधुबाई शाळकरी पोरीसारखी हरखायची. आज सुटला तेव्हा तिने तो पुन्हा शेपटाकडून फोडून पाहिला; अर्थ तोच निघाला.

व्हरांड्यात डॉक्टरांनी बजावलं, “तिला काही सांगायचं नाही. तिच्या नवऱ्याची सही झाली आहे. बोललीस तर खोली रिकामी करावी लागेल.”

म्हसावदच्या रतिलालने बायकोला, जसोदाबाईला, सांगितलं होतं, गाठ काढली की मूल होईल. अंगावरून जाऊन जाऊन जसोदाबाई पांढरीफटक पडली होती, तरी त्या आशेवर हसत होती.

“सिंधुबाई, तो डाक्टर काय बोलना? तुले समजनं.”

“गाठनं नाव शे ते.”

“मन्हा डोकावर हात ठेवीसन सांग.”

सिंधुबाईने हात ठेवला. पण खोटं काही ओठांवर येईना.

“गर्भनी पिशवीच काढतीन, बहीन. नही काढी तं तू वाचाव नही.”

“मंग पोऱ्या?”

सिंधुबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

“पळीसन जासू तं मरसू,” जसोदाबाई हळूच म्हणाली, “आनि आठे दवाखानामा ऱ्हासू तं...” स्ट्रेचर आलं तेव्हा ते बाजूला सारून ती आपल्या पायांनी चालत गेली.

दुसऱ्या दिवशी रतिलाल खाटेशी बसला होता. “गाठ निंघी गई,” तो भिंतीकडे बघत म्हणाला. “आते पोऱ्या व्हई.”

पाणी घेऊन आलेल्या सिंधुबाईने फुलपात्र जसोदाबाईच्या हातात दिलं. जसोदाबाईने एक शब्द काढला, की खोली जाणार; मुलीला घेऊन जायचं तरी कुठे?

जसोदाबाईने तिच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“हा, व्हई,” ती म्हणाली. दोन घोट पिऊन तिने फुलपात्र रतिलालपुढे धरलं.

“तुम्हीन बी पी ल्या. तुम्हनं तोंड सुकी गयं.”